रानातला गंध, रानातला नाद : वनस्नानाला मानसिक उपचार म्हणावे का?

सातवीण (धागालेखिका)

आईच्या निधनानंतर कित्येक महिने माझी झोप उडाली होती. गेल्या श्रावणात मैत्रिणीच्या आग्रहामुळे सह्याद्रीतल्या आहुपे गावाच्या देवराईत, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानात, गेले. पाऊस थांबलेला असला तरी राईच्या आत पानांवरून थेंब ठिबकतच होते, ओढ्याच्या बाजूने कस्तूर पक्ष्याची लांबलचक शीळ ऐकू येत होती आणि पायाखालच्या कुजत्या पाचोळ्याचा वास इतका दाट होता की बराच वेळ मनात आजारपणाचा, औषधांचा, राहून गेलेल्या गोष्टींचा एकही विचार आला नाही, हे मला परतीच्या वाटेवर जाणवले. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले.

जपानच्या वनखात्याने १९८२ साली रानात असे रमण्यासाठी ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द रूढ केला. नागानो प्रांतातील आकासावा येथील हिनोकी वृक्षांचे जंगल हे त्याचे माहेर मानले जाते. जपानमधील संशोधक डॉ. चिंग ली यांनी टोकियोतील माणसांना तीन दिवस जंगलात नेऊन त्यांच्या रक्तातील ‘नॅचरल किलर’ या रोगाशी लढणाऱ्या पेशींची क्रियाशीलता वाढल्याचे दाखवले. पुढे हॉटेलच्या खोलीत केवळ हिनोकीच्या तेलाचा गंध दरवळत ठेवूनही तसाच परिणाम नोंदवला. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ साली तर असे दाखवले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्याकडील डॉक्टरांनीही चिंता आणि निद्रानाशाच्या रुग्णांना वनस्नान उपचार म्हणून सुचवावे. देवराया तर आपल्या दारातच आहेत.

तिसरा प्रहर

आपल्याला लाभलेली झोप खरी आहे, तिच्याविषयी माझी शंका नाही. शंका ‘उपचार’ या शब्दाविषयी आहे. चिंग ली यांच्या त्या पहिल्या प्रयोगात अवघे १२ पुरुष होते. आपण जंगलात आहोत हे सहभागी व्यक्तीपासून लपवता येत नाही, त्यामुळे सुटी, सोबत, चालणे आणि ‘बरे वाटेल’ ही अपेक्षा यांचा वाटा गंधापासून वेगळा काढणे फार कठीण असते. शिवाय रक्तातील त्या पेशी प्रतिकारशक्तीच्या आहेत. त्या वाढल्या म्हणजे नैराश्य उतरले, असे होत नाही. उलरिक यांच्या अभ्यासातही रुग्णांच्या २३ जोड्याच होत्या.

आठवड्याला १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांचे स्वास्थ्य चांगले असते, हे इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीवरून २०१९ साली मांडले गेले. पण ज्याला अंथरुणातून उठण्याचेच बळ नाही, तो मुळात बाहेर पडतच नाही. अशा पाहणीत कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कसे ठरवायचे? तीव्र नैराश्यातील माझ्या एका नातेवाइकाला सगळेजण ‘जरा निसर्गात जाऊन ये’ असे सांगत राहिले आणि त्यात योग्य औषध सुरू होण्यास अनेक महिने उशीर झाला. म्हणून हा शब्द जपून वापरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घोडनदी

मी त्याच डोंगरातला आहे, म्हणून वेगळा आक्षेप मांडतो. उन्हाळ्याच्या तोंडावर बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी औषधी फळे, गोळा करायला माझी आई पहाटे रानात जाते. तिलाही तोच पाचोळा आणि तीच पाखरे आहेत. परंतु पाचोळा वाजला की ती थांबते, कारण तिथे साप किंवा बिबट्या असू शकतो. शेकरू मध्येच कर्कश ओरडू लागले तर ती आधी झाडाखाली पाहते. तिची ज्ञानेंद्रिये रानात सैलावत नाहीत, ती तिथे कामाला लागतात. संध्याकाळी शहरातल्या घरी परतण्याची खात्री असलेल्या माणसालाच तो आवाज शांत वाटतो, असे मला वाटते.

आणि ‘दारातच आहेत’ म्हणालात, ते दार देवाचे आहे. आमच्याकडे राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी आणत नाहीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात या राया अभ्यासल्या, तेव्हा त्या टिकून होत्या त्या अशाच निर्बंधांमुळे.

सातवीण

तिसरा प्रहर, आपल्या नातेवाइकाविषयी वाचून मी ‘उपचार’ हा शब्द मागे घेते. औषधाच्या जागी रान नको, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र प्रयोग लहान होते म्हणून अनुभवच निराधार ठरतो, हे मला पटत नाही. ओल्या मातीच्या वासामागे जिओस्मिन नावाचे द्रव्य असते आणि ते अत्यल्प प्रमाणातही आपल्या नाकाला कळते. इतक्या सूक्ष्म संवेदनेकडे लक्ष वळले की मनातले तेच ते घोळणे काही काळ थांबते, एवढा दावा मी अजूनही करते.

घोडनदी, आपल्या आईविषयी वाचून मात्र मी अडले. मला त्या राईत निर्धास्त बसता आले, कारण वाट दाखवायला गावातील एक आजोबा सोबत होते आणि कुठे बसायचे, कुठे पाय ठेवायचा नाही, हे तेच सांगत होते. हे मी वर लिहिलेच नव्हते.

घोडनदी

मग एवढेच करा. यायचे तर गावाला विचारून, चार-पाच जणांनी या. देवाच्या जागेपाशी पायताण काढा आणि मोबाइलवर गाणी लावू नका. हिरड्याच्या हंगामात आलात, तर आईबरोबर पहाटे निघा. कोणता आवाज कोणाचा, हे ती सांगेल.