आउटबोर्ड एक भोक वर घ्यावं का? (१६ फुटी बोट, ६० एचपी, पवना)

वारजेकर_६०

मंडळी, मित्राच्या जागेवर पवना धरणाच्या बॅकवॉटरला १६ फुटी फायबरची व्ही-तळाची बोट आहे. मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन ६० एचपी फोर-स्ट्रोक, २० इंची शाफ्ट, गिअर रेशो १.८३, पंखा (प्रोपेलर) अॅल्युमिनियमचा १३ पिच, म्हणजे एका फेऱ्यात १३ इंच पुढे. फुल थ्रॉटलला ५३०० आरपीएम आणि जीपीएसवर ४८ किमी. त्यापुढे काटा हलत नाही. स्टिअरिंग जड आणि मागे पाण्याचा नुसता धुरळा.

ज्याने इंजिन टांगलं, त्याने ब्रॅकेट ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर, टेकवून बोल्ट आवळले आणि "झालं साहेब" म्हणून निघून गेला. कुणी म्हणतं ब्रॅकेटच्या एका भोकाने वर घे, कुणी म्हणतं इंजिन तापेल. इंजिन उचलायचा चेन ब्लॉक रोज रोज मिळत नाही, म्हणून आधी विचारतो.

गोदीतला_फिटर

वर घ्या, पण आधी मोजा. गवंडी प्लास्टरवर ओढतात ती सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी आणा. बोट ट्रेलरवर असताना ती तळाला, बरोबर मध्ये, लावून मागे इंजिनपर्यंत काढा. ट्रिम, म्हणजे इंजिनचा कल, असा ठेवा की पंख्यावरची आडवी प्लेट तळाला समांतर राहील. मग प्लेट पट्टीच्या किती खाली-वर आहे ते सुतात सांगा.

त्या प्लेटला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, मीही चाळीस वर्षं म्हणतोय, पण ते नाव चुकीचं आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावरचा दाब इतका कमी होतो की पाणी थंडच उकळतं. प्लेटचं काम वेगळं, वरची हवा पंख्यात ओढली जाऊ द्यायची नाही.

आता तुमचा हिशोब. ५३०० भागिले १.८३ म्हणजे पंखा मिनिटाला साधारण २९०० फेरे मारतो. १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर. घसरलाच नाही तर तासाला ५७ किमी व्हायला हवेत, तुम्हाला मिळतात ४८. सोळा टक्के घसरतोय. गिअरकेस, म्हणजे पंखा बसवलेला खालचा भाग, गरजेपेक्षा खोल पाण्यात ओढली जाते, त्यातही ताकद जाते.

वारजेकर_६०

काका, मोजलं. प्लेट १२ सूत खाली! दीड इंच!

अलिबागचा_भाऊ

आमच्याकडे लाटा असतात, म्हणून आम्ही खालीच ठेवतो. वर घेतलं की प्रत्येक लाटेला पंखा हवा खातो. तुमच्या धरणात सपाट पाणी, मजा आहे राव.

गोदीतला_फिटर

भाऊ बरोबर बोलतोय, त्याचं पाणी वेगळं.

वारजेकर, ब्रॅकेटची भोकं पाऊण इंचावर असतात, म्हणजे सहा सूत. एका वेळी एकच भोक. बोल्ट ब्रॅकेटच्या खालच्या भोकातून ट्रान्समच्या जुन्याच भोकात जाईल, नवीन ड्रिल मारू नका. आणि त्याच दिवशी पंखाही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

मात्र आधी इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा दाब दाखवणारं वॉटर प्रेशर गेज बसवा. मागून पाण्याची धार येते म्हणजे सगळं ठीक, हा गैरसमज आहे. पाणी आत घ्यायच्या जाळ्या गिअरकेसच्या बाजूला असतात. इंजिन फार वर गेलं की त्या हवा ओढतात. धार थांबेपर्यंत कधीकधी उशीर झालेला असतो. ट्रायलला किल स्विचची दोरी पायाला बांधा, माणूस पडला तर इंजिन बंद होतं.

वारजेकर_६०

दोन शनिवार गेले, रिपोर्ट देतो. सव्वाशे किलोचं धूड चेन ब्लॉकला लटकत असताना मित्राची बायको चहा घेऊन आली आणि लांबूनच ठेवून परत गेली.

पहिल्या भोकाला थोडाच फरक. दुसऱ्याला प्लेट तळाच्या लेव्हलला आली आणि बोट एकदम सुटली. ५५०० आणि ५२ किमी, स्टिअरिंग एका हातात. हाव सुटली म्हणून तिसरं भोक. सरळ रेषेत ५४, पण वळण घेतलं आणि आरपीएम किंचाळत वर, बोट जागच्या जागी! गेज १२ पीएसआयवरून ५ वर. घाबरून थ्रॉटल सोडला. आता दुसऱ्यावर परत आणलंय.

गोदीतला_फिटर

शहाणे आहात. तिसरं भोक हवंच असेल तर पात्याची कड किंचित वळवून कप दिलेला स्टीलचा पंखा लागेल, तो अर्धवट हवेतही पाणी धरतो. रेसच्या बोटींत प्लेट तळाच्या बरीच वर असते, पण त्यांच्या गिअरकेसला पाणी नाकाच्या खालून घ्यायची सोय असते. तुमच्याला नाही.

दुसरं म्हणजे पुणं ५६० मीटरवर, पवना त्याहून थोडी वर. दर ३०० मीटरला इंजिनची साधारण तीन टक्के ताकद जाते. मुंबईच्या दुकानदाराने समुद्रासाठी सांगितलेला पिच इथे जड पडू शकतो. नवा पंखा घेताना १२ पिच लावून बघा, आरपीएम दीडशे-दोनशेने वाढतील.

आणि बोल्ट परत काढलेत तेव्हा भोकातून पाणी आत जाऊ नये म्हणून सीलंट नवीन भरलं की जुन्यावरच आवळलं?

वारजेकर_६०

…जुन्यावरच. उद्या सीलंट आणायला बोहरी आळीत जातो.