मोरसला गेलेल्या कुटुंबाचा माग कसा काढायचा?

देवरुखचा_नातू

नमस्कार मंडळी. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून आत. माझ्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ राघू, बायको आणि कडेवरचं पोर घेऊन 'मोरसला' गेला आणि परत आला नाही, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. साल कोणी सांगत नाही. 'सत्तावनच्या बंडानंतर पाच-सात वर्षांनी' एवढंच. मोरस म्हणजे मॉरिशस हे मला कॉलेजात कळलं. तोवर मोरस म्हणजे साखर. आजी पांढऱ्या साखरेला मोरसच म्हणायची आणि गूळ संपल्याशिवाय ती चहात पडू द्यायची नाही.

म्हाळाच्या दिवशी आमच्याकडे पितरांची पानं वाढून झाली की माजघराच्या दाराशी आणखी एक पान वाढतात. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर, काही कमी नाही. बाबा पाणी फिरवतात आणि म्हणतात, "मोरसकरांचं." गेल्या भाद्रपदात माझ्या मुलीने विचारलं, "हे कोण? त्या आजीचं नाव काय?" मला सांगता आलं नाही. बाबांनाही नाही. पोर मुलगा होता की मुलगी, तेही कोणाला ठाऊक नाही.

इंटरनेटवर आमचं आडनाव घालून बरंच शोधलं, काही हाती लागलं नाही. कोणी असा शोध घेतला आहे का? सुरुवात कुठून करू?

वाक्वाची_ताई

दादा, मी मॉरिशसला वाक्वा गावात राहते. इथल्या शाळेत मुलांना मराठी शिकवण्यात माझी उमर गेली. तुमचा प्रश्न वाचून रात्रभर झोप आली नाही. आम्ही इकडून विचारतो, 'आमचं गाव कुठलं?' तिकडे कोणी आमच्यासाठी पान वाढत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

आधी आडनाव सोडून द्या. इथे आलेल्या मजुरांच्या नोंदवहीत आडनाव नसतं. माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज आणि सगळ्यांच्या आधी नंबर. इथे उतरलेल्या माणसाला नंबर मिळायचा आणि तो मरेपर्यंत सुटायचा नाही. लग्नाच्या कागदावर तोच, मृत्यूच्या दाखल्यावरही तोच. पुढे इथल्या सरकारी कागदांत बापाचं किंवा आज्याचं नावच आडनाव होऊन बसलं. म्हणून आमच्यात सखाराम, रामजी ही आडनावं आहेत. तुमचे मोरसकर आज इथे 'राघू' आडनाव लावत असतील.

या वह्या इथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. मी गेले तेव्हा माझ्याकडे आजोबांच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला होता, त्यावर नंबर. तिथल्या बाईंनी वही आणली ती दोन्ही हातांनी उचलावी लागत होती. पानाला हात लावायची परवानगी नव्हती, त्या उलटत होत्या आणि मी वाकून बघत होते. सापडलं. त्याच्याखाली लगेच पुढच्या नंबरावर माझी पणजी: सोनी, वय 20, जिल्हा 'रत्नाघेरी', खूण म्हणून डाव्या हातावर गोंदण. आमच्या घरात तिचा फोटो नाही, भांडं नाही, काही नाही. पण तिच्या हातावर गोंदण होतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या आईच्या हातावरही होतं, तिथेच.

आणि सोनीच्या खाली आणखी एक नंबर होता. मुलगी, वय 1. आमच्या घरात तिच्याबद्दल कोणी एक शब्द बोललेलं नव्हतं. 1867 मध्ये इथे हिवतापाची मोठी साथ आली, एकट्या पोर्ट लुईत हजारो माणसं गेली. तिच्या नावासमोर त्याच सालाची नोंद होती. मी तिथे खुर्चीवर बसून रडले आणि त्या बाईंनी मला पाणी आणून दिलं.

तेव्हा दादा, पोराची काळजी करू नका. अंगावरच्या पोरालाही नंबर होता. तिघं एका जहाजाने आली असतील तर बहुतेक एकाखाली एक सापडतील.

तेव्हाची रीतही सांगते. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अॅटलस' जहाजाने कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी 1835 मध्ये, इथली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते. मग कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसं आली. मुंबईचा वाटा सगळ्यात लहान, पण त्यात रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची पुष्कळ. सुरुवातीला बहुतेक पुरुषच येत. पुढे सरकारने जहाजावर बायकांचं प्रमाण बांधून दिलं, तेव्हापासून तुमच्या राघूसारखी कुटुंबं जास्त येऊ लागली.

उतरल्यावर घाटाच्या दगडी पायऱ्या चढून डेपोत जायचं, दोन दिवस तिथेच राहायचं, नोंद व्हायची आणि मग मळा. त्यांतल्या 16 पायऱ्या अजून आहेत. त्याला कुली घाट म्हणत, आता आप्रवासी घाट म्हणतात. 2006 पासून तो जागतिक वारसा आहे. मळ्यावर पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचे पैसे कापत. कित्येकदा आजारपणालासुद्धा. हे मी वर्गात दर वर्षी सांगते आणि दर वर्षी माझा आवाज चढतो.

काळाघोडा_वाचक

ताईंनी मोरसची बाजू सांगितली, मी मुंबईची सांगतो. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारचा मजूर पाठवण्याबद्दलचा पत्रव्यवहार तिथे बघायला मिळतो. एकेका माणसाची नावं त्यात शोधू नका, पण कुठल्या साली कुठलं जहाज निघालं यावरून सालांची कक्षा छोटी होईल.

नाव शोधताना उच्चार बदलून बघा. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलंय. 'ड'चा 'र' होतो, म्हणून सावंतवाडीची 'सावंतवारी'. राघूचा रागो, रघू, रागू, काहीही झालेलं असेल.

आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलंत का? पुरुष मंडळी जमिनीचं सांगतात, माणसांचं नाही.

देवरुखचा_नातू

उशिरा लिहितोय, माफ करा. वाचकभाऊंचं शेवटचं वाक्य वाचलं आणि रविवारी चिपळूणला आत्याकडे गेलो. आत्या 88 वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, बाकी सगळं शाबूत. मी कानाशी जाऊन विचारलं, "आत्या, मोरसला गेली तिचं नाव काय होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझंच."

आत्याचं नाव भागीरथी. तिच्या आजीने ते मुद्दाम ठेवायला लावलं होतं, 'मोरसच्या भागीचं नाव घरात राहू दे' म्हणून. भागीचं माहेर माखजनकडचं. होडीने शास्त्री नदीतून जयगडपर्यंत गेली, तिथून गलबताने मुंबई. जाताना पोर तापलेलं होतं आणि सासू काठावर म्हणत राहिली, "पोर तरी ठेवून जा." तिने ठेवलं नाही. मुलगा होता. नाव आत्यालाही ठाऊक नाही.

मी म्हटलं, एवढं सगळं ठाऊक होतं तर कधी बोलली का नाहीस? म्हणाली, "पान तुम्ही पुरुष वाढता. मला कोणी विचारलं?"

बाबांना फोन केला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "यंदा भागीचं नाव घेऊ. आत्याला घेऊन ये."

ताई, मोक्याच्या संस्थेला पत्र लिहायचं आहे. इंग्रजीत चालेल की फ्रेंच लागेल? काय काय लिहू?

वाक्वाची_ताई

इंग्रजीत लिहा दादा. भागीचं नाव सगळ्यात वर लिहा. राघू नावाचे पुष्कळ निघतील, रत्नागिरीचा राघू आणि त्याच्याखालच्या नंबरावर भागी अशी जोडी फार थोडी निघेल. वर्षं लिहा 1860 ते 1866. संगमेश्वर, देवरुख, माखजन तिन्ही लिहा. कडेवर मुलगा, हेही लिहा.

पत्राची एक प्रत मलाही पाठवा. सोमवारी माझी मोक्याला फेरी असते, मी स्वतः जाऊन विचारीन. आणि आत्याला सांगा, वाक्वाहून एक बाई विचारत होती, भागीच्या हातावर गोंदण होतं का?