परी-राक्षसांच्या गोष्टीत घरचं काही भेटलंय का? (अनुभव धागा)

कोयनाकाठ
आज ६ ऑक्टोबर. टॉल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी वाचलेल्यांना तारीख आठवेल, याच दिवशी वेदरटॉप टेकडीवर नायक फ्रोडोच्या खांद्यात शत्रूची सुरी घुसते. पुढे युद्ध संपतं, सगळे गावी परततात, झाडं पुन्हा लावली जातात. आणि दोन वर्षांनी त्याच तारखेला फ्रोडो त्याच्या सोबती सॅमला पांढराफटक, कुठेतरी लांब बघत बसलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी परत ठीक.

माझे बाबा ७१ च्या लढाईत होते. डिसेंबर आला की ताटावरून उठून जायचे, रात्र रात्र अंगणात येरझाऱ्या. आई म्हणायची, "त्यांना काही विचारू नका रे." हॉस्टेलवर ते पान वाचलं आणि तसाच खाली जाऊन घरी फोन लावला. बाबांना नेमकं काय झालं होतं हे आईला पहिल्यांदा विचारलं. ती खूप वेळ बोलली.

टॉल्किन स्वतः १९१६ ला सोमच्या लढाईत सिग्नल ऑफिसर होते, ट्रेंच फीवर होऊन परतले. १९१८ पर्यंत एक सोडून सगळे जिवलग मित्र गेले होते. ते पान उगाच तसं उतरलेलं नाही. तुमचं काही असेल तर लिहा.

निशिगंध
वाचून गलबललं. सासरे श्रीलंकेत होते शांतिसेनेत. दिवाळीत फटाके वाजायला लागले की आतल्या खोलीत जाऊन बसतात. आता आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, पोरं मागच्या मैदानात जाऊन वाजवतात. गुणी आहेत पोरं.

रेणूची आई
माझं हॅरी पॉटर. बाळंतपणानंतर मला काय होत होतं ते सांगताच येत नव्हतं, सगळे म्हणायचे एवढं गोड बाळ आहे, रडतेस कशाला. नवऱ्याला डिमेंटरचं, म्हणजे माणसातला सगळा आनंद शोषून घेणाऱ्या त्या भुतांचं प्रकरण वाचायला दिलं. म्हटलं, हे. खोली गार पडते आणि आपण पुन्हा कधी हसू असं वाटतच नाही, अगदी हे. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे घेऊन गेला. रोलिंगबाईंनी स्वतःच्या नैराश्यातून ते रचलंय हे नंतर वाचलं. कुकर लावते, बाकी नंतर.

पक्याभाऊ
@रेणूची आई, पुस्तकात डिमेंटरवर उतारा म्हणून देतात तसं चॉकलेट दिलं का त्याने? 😊 बरं वाटलं वाचून.

रेणूची आई
दिलं ना! अजून देतो.

वाळवा
थोडं वेगळं मत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, खलनायक सॉरॉनचा मुलूख मॉर्डर म्हणजे जर्मनी असं जुळवत बसणं मला पटत नाही. टॉल्किन यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय की ही दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट असती तर अंगठी सॉरॉनविरुद्ध वापरली गेली असती आणि त्याचा बुरूज पाडण्याऐवजी ताब्यात घेतला असता. कोयनाकाठ यांचं मात्र पूर्ण पटलं. वाचणाऱ्याने आपलं आयुष्य त्यात बघावं, ती मोकळीक तिथेच दिलीय. कादंबरीतली मृतांची दलदल सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सला काही देणं लागते, हेही त्यांनी एका पत्रात कबूल केलंय.

सुपारी
सातारकर हजर. आमच्याकडे आपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. स्मारक आहे. आपले मराठे त्याच १९१६ मध्ये मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुत शहराच्या वेढ्यात उपाशी लढत होते. त्यांच्यापैकी कोणी लिहायला बसला असता तर त्याचा राक्षस कसा असता, हे नेहमी डोक्यात येतं.

कोयनाकाठ
सुपारी, यावर वेगळा धागा काढाच.

चाळकरी
टेरी प्रॅचेटची कादंबरी 'मेन अॅट आर्म्स'. त्यात व्हाइम्स हा पहारेकऱ्यांचा कप्तान बुटांचा हिशेब मांडतो. चांगले बूट ५० डॉलरला, वर्षानुवर्षं टिकतात. गरिबाला परवडतात १० चे, ते एक-दोन मोसमांत जातात. दहा वर्षांत गरिबाचे १०० खर्च होतात आणि पाय ओलेच. मी वाचलं ते लोकलमध्ये, आणि आई दर जूनला बाजारातून घ्यायची त्या प्लॅस्टिकच्या चपला आठवल्या. गणपतीपर्यंत पट्टा तुटलेला असायचा. आईला हिशेब कळत नव्हता असं नाही, जूनमध्ये हातात तेवढेच असायचे, आम्हा भावंडांची वह्या-पुस्तकं त्याच महिन्यात. अर्थशास्त्राच्या तासाला गरिबीबद्दल कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये गरिबांना बसणारी महागाई मोजायच्या निर्देशांकाला व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं, प्रॅचेट कुटुंबाच्या परवानगीने.

निशिगंध
त्या चपला चावायच्या पण फार. आम्ही खोबरेल लावायचो.

पक्याभाऊ
माझी मुलगी सहावीत आहे. लॉर्ड ऑफ द रिंग्ज थेट देऊ का? मराठी-इंग्रजी दोन्ही वाचते.

वाळवा
आधी टॉल्किन यांचंच 'हॉबिट' द्या. १९३७ चं आहे, मुलांसाठीच लिहिलेलं. रात्री तुम्ही वाचून दाखवा, त्यातल्या गॉलम या गुहेतल्या प्राण्याच्या कोड्यांना तिला थांबवून उत्तरं विचारा.

रेणूची आई
आणि त्यातलं जाळी विणणाऱ्या राक्षसी कोळ्यांचं प्रकरण दिवसा. आमची रेणू आईजवळ झोपायला आली होती.