मदत हवी आहे : आल्टरनेटर काढताना खालचा बोल्ट जाम झालाय

नमस्कार मंडळी. जुनी पेट्रोल गाडी आहे. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर जेमतेम १२.१ व्होल्ट दिसतात, खरं तर १४ च्या आसपास हवेत. हेडलाइट लावले की आणखी उतरतात. बेल्ट घट्ट आहे, फ्यूजही शाबूत. म्हणून आल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) घरीच काढायला घेतला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, बेल्ट उतरवला, मागची जाड वायर काढली. पण खालचा लांब बोल्ट बुशमध्ये (तो ज्यातून जातो त्या धातूच्या नळीत) गंजलाय. रात्रभर स्प्रे मारून ठेवल्यावर नट सुटला, बोल्ट मात्र तसूभर हलत नाही. जोरात ठोकला तर आल्टरनेटरचा ॲल्युमिनियमचा कान (बोल्ट बसतो तो भाग) तुटेल अशी भीती वाटते. गरम करून पाहावा का? आणि नुसते आतले कार्बन ब्रश-रेग्युलेटर (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश आणि व्होल्टेज आवरणारा भाग) बदलून भागेल, की नवाच आल्टरनेटर घ्यावा? आईला दवाखान्यात न्यायला गाडी लागते, लवकर सांगा प्लीज.