रॅम्प असलेली बस येते, तरी व्हीलचेअर चढत नाही. मागणी नेमकी कशाची करावी?

प्रश्न

माझी धाकटी बहीण व्हीलचेअर वापरते. आमच्या मार्गावर आता रॅम्प असलेल्या लो-फ्लोअर बस धावतात, तरीही गेल्या आठवड्यात तिला लागोपाठ दोन बस सोडाव्या लागल्या. दोन्ही बस फुटपाथपासून बऱ्याच दूर थांबल्या. वाहकाने रॅम्प उघडला तेव्हा तो थेट डांबरावर टेकला आणि चढ इतका उभा झाला की आम्ही मागून रेटू लागताच खुर्चीची पुढची चाके उचलली गेली. सोय असून ती उपयोगी पडत नसेल, तर मागणी नेमकी कशाची करावी?

उत्तर १

माझ्या मते दोष बसपेक्षा थांब्याचा अधिक आहे. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून साधारण ३५ सेंटिमीटर उंच असतो. मीटरभर लांबीचा रॅम्प डांबरावर टेकला, तर चढ जवळजवळ १:३ पडतो, म्हणजे तीन सेंटिमीटर पुढे जाताना एक सेंटिमीटर वर. १५ सेंटिमीटर उंचीच्या फुटपाथवर टेकला, तर १:५. इमारतींच्या रॅम्पसाठी १:१२ हे प्रमाण अनेक देशांत धरले जाते, यावरून १:५ हा चढसुद्धा किती अवघड आहे, हे ध्यानात यावे. बस दाराच्या बाजूला झुकवण्याची यंत्रणा असेल, तर आणखी काही सेंटिमीटर कमी होतात, पण त्यासाठीही बस कडेला लागलीच पाहिजे. थांब्यावर एखादी मोटार उभी असेल, तर चालकाची कितीही इच्छा असली तरी त्याला बस कडेला घेता येत नाही. म्हणून थांब्याची कडा उंच व सरळ बांधावी आणि तिथे वाहने उभी करू देऊ नयेत, असे स्पष्ट लिहा.

उत्तर २

मी दृष्टिहीन आहे, म्हणून थोडी भर घालतो. बसमध्ये पुढचा थांबा पुकारतात, ते चांगलेच आहे. परंतु दोन बस एकामागोमाग आल्या की कोणती कुठली, हे मला बाहेर उभे असताना कळायला हवे. मार्गाचा क्रमांक दाराबाहेर ऐकू येईल असा पुकारला जावा, हेही आपल्या अर्जात घ्यावे.

फुटपाथवरच्या उंचवट्यांच्या फरश्या जपानमधील मियाके सेइइची यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा, इतकी ती साधी भाषा आहे. माझ्या रोजच्या वाटेवर मात्र या पट्ट्या सरळ एका खांबापर्यंत जातात. खांब निदान काठीला लागतो. छातीच्या उंचीवर पुढे आलेला फलक काठीला लागत नाही, तो अंगालाच लागतो.

उत्तर ३

लिफ्ट बंद असल्याचे स्थानकावर पोहोचल्यावर कळून काहीच उपयोग नसतो. ती सूचना घरून निघण्यापूर्वी मिळाली पाहिजे. अर्जात संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या नवव्या कलमाचा उल्लेख करावा, कारण त्यात वाहतुकीचा स्पष्ट समावेश आहे.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. आज सायंकाळी टेप घेऊन थांब्याच्या कडेची उंची मोजते आणि बस किती दूर थांबतात, हे आठवडाभर लिहून ठेवते. क्रमांक बाहेर पुकारण्याची मागणी अर्जात नक्की घेईन.