खाण-रॉयल्टी कंपनीत पैसे घालावेत का? नेमका धोका कुठं आहे?

हुपरीकर
राम राम मंडळी. अमेरिकेत लिस्टेड असलेल्या फ्रँको-नेव्हाडा, व्हीटन, रॉयल गोल्ड यांत मिळून ५ लाख रुपये सात-आठ वर्षांसाठी घालायचा विचार आहे. या कंपन्या स्वतः खाण चालवत नाहीत, खाणवाल्याला आधी पैसे देऊन उत्पन्नातला वाटा (रॉयल्टी) घेतात. "खाणीचा खर्च यांच्या अंगावर येत नाही, म्हणून धोका नाही" असं वाचतोय. कितपत खरं? मुख्य ओढ चांदीकडं आहे.

पंचगंगा_काठ
अर्धंच खरं. उसाच्या बिलाशी ताडून बघा. एनएसआर रॉयल्टी म्हणजे विक्रीतून शुद्धीकरण अन् वाहतूक वजा जाऊन मिळणारा वाटा, एफआरपीतून (उसाच्या सरकारी किमान दरातून) तोडणी-वाहतूक कापतात तसा. एनपीआय म्हणजे खत, पाणी, मजुरी सगळं भागवून उरलं तर वाटा. दोन्हींना रॉयल्टीच म्हणतात, म्हणून आधी हे वेगळं करा.

हिशेब असा: वर्षाला १ लाख औंस सोनं, भाव २,००० डॉलर, एनएसआर २ टक्के. किरकोळ वजावट सोडली तर रॉयल्टी ४० लाख डॉलर. खाणीचा खर्च औंसामागं १,२०० वरून १,९०० झाला तरी रॉयल्टी तेवढीच. पण त्यात भाव १,८०० वर उतरला तर मालक खाण बंद करू शकतो, मग रॉयल्टी शून्य. खाण चालू ठेवा म्हणायचा हक्क रॉयल्टीवाल्याला नसतो.

गुजरी_कट्टा
माझ्या मते सगळ्यांत मोठा धोका एकाच खाणीवरचा भार. पनामातल्या कोब्रे पनामा या तांब्याच्या खाणीतल्या सोन्या-चांदीवर फ्रँको-नेव्हाडाचा स्ट्रीम आहे, म्हणजे आधी पैसे देऊन पुढं निघणारा धातू कमी भावात घ्यायचा करार. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं खाण-कराराचा कायदा घटनाबाह्य ठरवला, खाण थांबली आणि फ्रँकोला सुमारे ११७ कोटी डॉलर वहीतून उडवावे लागले. सोन्याच्या भावाचा यात काही दोष नव्हता. वार्षिक अहवालात खाणनिहाय उत्पन्न दिलेलं असतं. एकाच खाणीचा वाटा १५ टक्क्यांच्या वर दिसला, तर आधी त्या देशाचा कायदा बघा, मग भाव.

हुपरीकर
आणि चांदीचं काय?

पंचगंगा_काठ
यांची बरीचशी चांदी तांबं, जस्त, शिसं काढताना जोडीला निघते. म्हणजे खाण वाढवायची की आवरायची हे तांब्याच्या भावावर ठरतं. शिवाय करारात पायऱ्या असतात. पेरूतल्या अँटामिना खाणीवर व्हीटनचा ग्लेनकोरशी करार आहे: खाणीच्या चांदीचे ३३.७५ टक्के, पण १४ कोटी औंस पोचले की २२.५ टक्के. चालू भावाच्या २० टक्के रक्कम दर औंसाला मोजावी लागते ती वेगळीच. "आजचं उत्पन्न गुणिले वर्षं" हा हिशेब इथंच चुकतो.

छोट्या कंपन्यांत आणखी दोन गोष्टी बघा. काही करारांत मालकाला ठरलेल्या रकमेत अर्धी रॉयल्टी परत विकत घेता येते. आणि नवीन रॉयल्टी घ्यायला कंपनी सारखे शेअर काढत असेल तर एकूण उत्पन्न वाढतं, तुमच्या शेअरमागचं नाही. पाच वर्षांचा शेअरमागचा रोख प्रवाह मांडून बघा.

शाहूपुरी_लेखा
कराचं थोडक्यात. पैसे एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून) जातील. वर्षात १० लाखांपर्यंत गुंतवणुकीवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर) नाही. कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडं लाभांशातून साधारण २५ टक्के कापतात, त्याचं क्रेडिट इथं मिळतं. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, वर लागू असेल तो अधिभार आणि सेस. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायलाच हवं, आणि तिथं जानेवारी ते डिसेंबरचे आकडे लागतात. एप्रिल-मार्चचे टाकले की गडबड होते.

अजून एक फरक: रॉयल गोल्ड अमेरिकी कंपनी आहे. अनिवासी परदेशी माणसाची तिथली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल तर मृत्यूनंतर वारसा-कर लागतो. फ्रँको आणि व्हीटन कॅनडाच्या, त्यांचे शेअर न्यूयॉर्कला घेतले तरी त्यात धरत नाहीत. ५ लाखांना आज हा प्रश्न नाही, पण दरवर्षी भर घालणार असाल तर वाटणी आत्ताच ठरवा.