गावच्या घरी एका संध्याकाळी टीव्ही, राउटर, स्टॅबिलायझर सगळं उडालं, आता नक्की काय बसवू?

बार्शीकर_सध्या_पुण्यात
नमस्कार मंडळी. आईवडील गावी असतात, बार्शीपासून १५-२० किलोमीटर, घर गावठाणात. परवा संध्याकाळी सातच्या सुमारास (आईची सिरियल चालू होती म्हणून वेळ पक्की माहितीये) लाईट आधी डिम झाली, मग एकदम भगभगीत, पंखा विमानासारखा फिरायला लागला आणि टीव्हीतनं फाट्कन आवाज येऊन धूर. पप्पा उठून मेन स्विच पाडेपर्यंत टीव्ही, राउटरचा अडॅप्टर, दोन एलईडी बल्ब आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर एवढं गेलं. फ्रिज वाचला. शेजारच्या काकांकडे उलटंच, त्यांचा बल्ब म्हणे काजव्यासारखा नुसता लुकलुकत होता. आमच्याकडे एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) आहे, गेल्या वर्षीच बसवलीये, ती पडलीच नाही, मग तिचा उपयोग काय?
आता पूर्ण घराला ५ केव्हीएचा एकच मोठा स्टॅबिलायझर घ्यावा म्हणतोय, दुकानदार म्हणतो डोळे झाकून घ्या. ऑनलाईन बघितलं तर कोण एसपीडी (वीज पडल्यावर येणारा झटका अडवणारं) लावा म्हणतंय कोण स्पाइक गार्ड. बजेट १० हजार. घराला अर्थिंग आहे का नाही हेच नक्की माहीत नाही, बांधकाम १९९४ चं आहे.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, आमच्याकडे तर वळवाचा पाऊस सुरू झाला का हे ठरलेलंच. ढग दिसले की मी टीव्हीची पिनच काढून ठेवतो, पोरं बोंबलतात पण टीव्ही सहा वर्षांपासून चालू आहे. एक चांगला स्पाइक गार्ड घ्या, काम होऊन जाते.

टेस्टर_पक्कड
थांबा हो, आधी कशावरच पैसे टाकू नका. तीस वर्षं वायरिंगची कामं केलीत म्हणून सांगतो, ही सर्ज (क्षणभराचा व्होल्टेजचा झटका) नाही. विजेची सर्ज डोळ्याला दिसत नाही, सेकंदाच्या लाखाव्या भागात येऊन जाते. तुमच्याकडे पंखा जोरात फिरला, पप्पांना उठून स्विचपर्यंत जायला वेळ मिळाला, आणि शेजाऱ्याकडे त्याच वेळी डिम. हे न्यूट्रल (करंटची परतीची तार) तुटल्याचं लक्षण आहे, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) नाहीतर पोलवर.
कसं होतं बघा. डीपीतनं तीन फेज निघतात, कुठल्याही एका फेजला आणि न्यूट्रलला २३० व्होल्ट, पण दोन फेजच्या मधे ४००. तुमचं घर एका फेजवर, काकांचं दुसऱ्या, न्यूट्रल कॉमन. तो तुटला की दोन्ही घरं एकामागे एक माळेसारखी जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट दोघांच्यात वाटले जातात. वाटणी मात्र उलटी, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्या गळ्यात व्होल्टेज जास्त. समजा काकांकडे १००० वॉटचा हीटर चालू आणि तुमच्याकडे टीव्ही आणि दोन बल्ब मिळून १०० वॉट, तर ढोबळ हिशोबाने तुमच्याकडे ३६४ येणार आणि त्यांच्याकडे ३६. प्रत्यक्षात लाईनवर बरीच घरं असतात त्यामुळे आकडा सारखा हलतो, म्हणून तुमच्याकडे आधी डिम मग भगभगीत. टीव्हीच्या सप्लाय बोर्डावर आत जो कॅपॅसिटर असतो तो बहुतेक ४०० नाहीतर ४५० व्होल्ट डीसीचा, आणि ३६४ एसीचं डीसी होतं ५०० च्या वर. मग तो फुटणारच, तो फाट् आवाज त्याचाच असणार. टीव्ही भंगारात देऊ नका, पुष्कळदा फक्त सप्लाय बोर्ड गेलेला असतो.
एमसीबीचा काही दोष नाही. ती करंट जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर पडते, व्होल्टेज तिला कळतच नाही. स्पाइक गार्डमधे वाटाण्याएवढा एमओव्ही (झटका शोषून घेणारा तुकडा) असतो, तो क्षणभराच्या झटक्याला ठीक, ३५० व्होल्ट दहा सेकंद आले तर तोच जळतो आणि कधी कधी आजूबाजूचं प्लास्टिक घेऊन जळतो. मोठ्या स्टॅबिलायझरचं पण तेच, साधारण २८०-३०० पर्यंत सांभाळतो, त्याच्यावर गेलं आणि हाय कटऑफ (व्होल्टेज चढलं की तोडायची सोय) नसेल तर पहिला बळी तोच. तुमच्या फ्रिजचा तसाच गेला, पण मरता मरता फ्रिज वाचवला म्हणा.
तुम्हाला पाहिजे ते ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीसारखंच दिसतं, डीबीत (एमसीबीच्या पेटीत) मेन एमसीबीच्या पुढे त्याच पट्टीवर बसतं, वर आकडे दिसतात. व्होल्टेज ठरवलेल्या हद्दीबाहेर गेलं की अख्खं घर तोडतं, परत नीट झालं की थोडं थांबून आपोआप जोडतं. ६३ अँपिअरचं घ्या. मी मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाला बसवलं ते बाराशेला पडलं होतं.

हापूस_आणि_पाऊस
पक्कड काका बरोबर बोलतायत पण एसपीडीला एवढं मोडीत काढू नका, आमच्या देवगडला ती लागते. जून लागला की वीज कडाडते आणि आंब्याची फांदी लाईनवर पडणं तर आठवड्याला एक. माझा पहिला राउटर वीज पडून गेला आणि गंमत म्हणजे लाईटच्या वायरीतून नाही, गच्चीवरून आलेल्या नेटच्या तांब्याच्या केबलमधून! लाईटची पिन काढलेली होती. तेव्हा वऱ्हाडी दादा, पिन काढताना डिशची केबल पण काढत जा. आता फायबर घेतलंय, काचेची तार असल्याने ती भीती गेली. डीबीत टाइप २ ची एसपीडी बसवलीये, तिला छोटी हिरवी खिडकी असते, लाल झाली की आतली कांडी बदलायची. एक मात्र आहे, अर्थिंग नसेल तर एसपीडी म्हणजे भिंतीवरचा दागिना. आमच्याकडे जांभ्यात खड्डा मारायचा म्हणजे दोन माणसांचा दिवस गेला.

बार्शीकर_सध्या_पुण्यात
काका, डोळे उघडले! पप्पांना फोन केला तर ते म्हणाले वायरमन दुसऱ्या दिवशी डीपीवर चढला होता आणि न्यूट्रलचा जंपर (जोडतार) जळालेला, तो बदलून गेला. आमच्या गल्लीत अजून चार टीव्ही गेलेत. मला कुणी हे सांगितलंच नव्हतं.
आता दोन शंका. एक, त्या प्रोटेक्टरला सेटिंग काय ठेवू? दुसरं, पप्पा म्हणतात १९९४ ला वायरिंगवाल्याने 'अर्थिंग न्यूट्रललाच जोडून दिलीये, काळजी नको' असं सांगितलं होतं. चालतं का?

टेस्टर_पक्कड
अजिबात चालत नाही, आणि उद्याच्या उद्या काढून टाका! बाहेर न्यूट्रल तुटला की तुमच्या घरातल्या लोडमधून फेज त्या तुटक्या न्यूट्रलवर येतो, आणि तुमची अर्थिंग त्यालाच बांधलेली म्हणजे फ्रिजच्या दाराला, गिझरच्या नळाला करंट. परवा टीव्हीवर निभावलं असं समजा. स्वतंत्र खड्डा घ्या, पाईप किंवा प्लेट टाका, मीठ-कोळसा भरा, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत जा. रोध ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठे गळाला की पडणारा स्विच) टाका, ती व्होल्टेजसाठी नाही, माणसासाठी. हे सगळं लायसनवाल्या माणसाकडूनच, यूट्यूब बघून नको.
सेटिंग, कमीत कमी १७०, जास्तीत जास्त २५०, परत जोडायला ३ मिनिटं. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद झाल्या झाल्या लगेच सुरू केला तर आतल्या दाबाविरुद्ध त्याला उठता येत नाही, म्हणून तो वेळ.

नियमावर_बोट
वायरिंगमधलं मला कळत नाही पण कागद करून ठेवा. तुमच्यासकट पाच घरांची उपकरणं एकाच वेळी गेली ना, मग पाचही जणांनी मिळून वीज कंपनीच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, तारीख, वेळ, काय काय जळालं, दुरुस्तीची बिलं, आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच असतो, वीज कायदा २००३ मधेच त्याची तरतूद आहे. भरपाई मिळेलच असं म्हणत नाही, पण फोनवर सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

बार्शीकर_सध्या_पुण्यात
अपडेट. शनिवारी गावी जाऊन आलो. अर्थिंग नवीन केलं, आरसीसीबी आणि प्रोटेक्टर बसवला, फ्रिजला हाय कटऑफवाला छोटा स्टॅबिलायझर. सगळं मिळून साडेआठ हजार, त्यात निम्मे खड्ड्याचे आणि मजुरीचे. अर्ज दिलाय, पोच आहे. टीव्हीचा बोर्डच गेला होता, दुरुस्त झाला.
पण नवीनच ताप. संध्याकाळी शेतीपंपांची लाईट आली की सगळ्यांचे ऑटो स्टार्टर एकदम मोटरा उचलतात, आमचा फिडर (गावाला येणारी लाईन) वेगळा असूनही व्होल्टेज १६५ ला येतं आणि घर बंद. रात्री साडेदहानंतर गाव झोपलं की २५४ दिसतं, परत घर बंद. आणि प्रत्येक वेळी ३ मिनिटं. आईने काल फोन करून सांगितलं, 'अख्ख्या गावात लाईट हाय आणि आपल्याच घरात अंधार, तुझं ते यंत्र काढून ने.'

टेस्टर_पक्कड
हाहाहा. चूक माझी, तुमच्याकडचं रोजचं व्होल्टेज न विचारताच आकडे दिले. नियमाने २३० च्या ६ टक्के वरखाली म्हणजे २१६ ते २४४ च्या आत मिळायला पाहिजे, पण तो झाला नियम, अर्जात हे आकडे पण लिहा. वरची हद्द २६५ करा, खालची १५०, आजचे टीव्ही-चार्जर तेवढं पचवतात. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला स्वतःची ३ मिनिटांची थांबण्याची सोय असेल तर प्रोटेक्टरचा वेळ ३० सेकंदांवर आणा. नसेल तर ३ मिनिटंच ठेवा आणि आईसाहेबांना माझा नमस्कार सांगा.

बार्शीकर_सध्या_पुण्यात
स्टॅबिलायझरला आहे सोय. पप्पांकडून फोनवर बटणं दाबून घेतली, ३० सेकंद केले. आई म्हणाली, तीस सेकंद म्हणजे एक जाहिरात, तेवढं चालतंय.